बीबीए एलएलबी घ्यायचं का? इंदूरच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी, पायरी पायरीनं

बोर्डाचे पेपर संपले की आमच्याकडे फोन सुरू होतात, "ताई, मुलाला बीबीए एलएलबीला घालू का, पाच वर्षांत दोन डिग्र्या मिळतात म्हणे." मी हायकोर्टाच्या इंदूर बेंचला वकिली करते, काम बहुतेक व्यापाऱ्यांचं, भागीदारीची भांडणं, दुकानांचे भाडेकरार, आर्बिट्रेशन म्हणजे लवाद असलं, त्यामुळे ओळखीतली निम्मी घरं हा प्रश्न घेऊन माझ्याकडेच येतात. प्रत्येकाला फोनवर अर्धं अर्धं सांगितलं जातं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. लांब झालंय, पण मुलाची पाच वर्षं आणि घरातले दहा-पंधरा लाख याच्यावर अवलंबून आहेत, तेव्हा निवांत बसून वाचा आणि शक्यतो मुलाला शेजारी बसवून वाचा.

पायरी पहिली: कॉलेज शोधायच्या आधी घरातच एक परीक्षा

ही मी माझ्या भाचीवर करून बघितली होती. भावजींचं सियागंजला होलसेलचं दुकान आहे आणि पोरगी म्हणत होती की मला "लॉ आणि बिझनेस दोन्ही आवडतं", आता सतराव्या वर्षी दोन्ही आवडतं म्हणजे नेमकं काय हे तिला तरी कुठून कळणार. मी रविवारी राजेंद्र नगरला त्यांच्या घरी गेले, पोहे खाऊन झाल्यावर भावजींना म्हटलं दुकानाचा भाडेकरार काढा आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद पण काढा. दोन्ही तिच्यासमोर टेबलावर ठेवले आणि म्हटलं तासभर वाच, काही विचारायचं असलं तर विचार. ताळेबंद तिनं दोनदा उलटापालटा करून बाजूला सरकवला. भाडेकरारावर मात्र पेन्सिल घेऊन बसली, आणि पहिला प्रश्न आला, "मावशी, हे अकराच महिने का लिहिलंय, सरळ वर्ष का नाही?" मग तिला सांगितलं की १९०८ च्या रजिस्ट्रेशन कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो, म्हणून लोक अकरावर थांबतात. तर लगेच दुसरा प्रश्न, मग भाडेकरू सात वर्षं तिथेच बसलाय तर या कागदाला अर्थ काय उरला. ही पोरगी कायद्याची आहे हे मला तिथेच कळलं.

याच टेबलावर दुसरं एखादं पोर ताळेबंद धरून बसेल आणि विचारेल की बाबा, एवढी उधारी का अडकलीय, माल तर विकला गेलाय ना. तेही हुशारच, पण त्याला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू नका. त्याच्यासाठी आपल्याच गावात राऊच्या टेकडीवर आयआयएम इंदूर आहे, बारावीनंतरचा पाच वर्षांचा मॅनेजमेंटचा आयपीएम कोर्स आयआयएममध्ये सगळ्यात आधी यांनीच २०११ मध्ये सुरू केला, त्याची परीक्षा वेगळी आणि रस्ताही वेगळा.

दोन्ही कागद बाजूला सारून मोबाईल उचलणारं पोर असेल तर एवढ्यात काही ठरवू नका, एवढंच म्हणेन.

पायरी दुसरी: ही डिग्री आतून कशी असते ते समजून घ्या

नाव "बीबीए एलएलबी" असल्यामुळे लोकांना वाटतं अर्धा बिझनेस, अर्धा कायदा. तसं नाहीये. हा कायद्याचा कोर्स आहे आणि त्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मॅनेजमेंटचे विषय बसवलेले असतात, प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट, अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स, मार्केटिंग, फायनान्स वगैरे. कायद्याच्या बाजूला बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे वकिली आणि कायद्याचं शिक्षण यांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, २००८ च्या लीगल एज्युकेशन नियमांप्रमाणे २० सक्तीचे विषय, ४ प्रॅक्टिकल पेपर आणि ६ ऑप्शनल, आणि ऑनर्स असेल तर त्यावर आणखी ८ पेपर. फौजदारी कायदा, घटना, कौटुंबिक कायदा, पुरावा, जमिनीचे कायदे, हे सगळं बीबीएवाल्यालाही तितकंच वाचावं लागतं जितकं बीए एलएलबीवाल्याला. ज्याला फक्त कंपन्यांचंच काम करायचंय आणि बाकीचं नको, त्यानं हे आधीच ऐकून ठेवावं.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती गोष्ट. ॲडमिशनच्या काउंटरवर बऱ्याच ठिकाणी तोंडी सांगतात की नाही जमलं तर तीन वर्षांनी बीबीए घेऊन बाहेर पडता येईल. त्याच २००८ च्या नियमांतला नियम १३ वाचा, इंटिग्रेटेड डबल डिग्री मध्येच तोडून एक डिग्री हातात देता येत नाही आणि दुसरीकडून पदवी आहे म्हणून मधल्या वर्षात घुसताही येत नाही. म्हणजे चौथ्या वर्षी सोडलं तर हातात बारावीची मार्कशीट. माझ्या ओळखीतल्या एका घरात हे घडलंय, मुलगा तिसऱ्या वर्षानंतर कंटाळला, बीबीए मिळेल याच भरवशावर घेतलं होतं, आणि कॉलेजनं हात वर केले, आईनं ते बोलणं कुठे लिहून घेतलं नव्हतं. त्या माऊलीचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसरी गल्लत यूजीसीच्या २०२२ च्या घोषणेमुळे झालीय, तेव्हापासून एकाच वेळी दोन पूर्णवेळ डिग्र्या करता येतात हे खरं, पण कायद्याच्या कोर्सला बार काउन्सिलचा नियम ६ लागतो आणि तो एलएलबीबरोबर दुसरा रेग्युलर कोर्स करू देत नाही. इंटिग्रेटेड कोर्स चालतो, डिस्टन्सचा कोर्स चालतो, भाषेचा किंवा कॉम्प्युटरचा छोटा पार्टटाइम सर्टिफिकेट कोर्स चालतो. तेव्हा सकाळी एका कॉलेजात एलएलबी आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात एमबीए असा प्लॅन कोणी सांगत असेल तर तिथूनच परत फिरा. सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरी बरोबर करायचं असेल, आणि आपल्याकडे बरीच मुलं करतात, तर कॉलेजला लेखी विचारून उत्तर लेखीच घ्या.

पायरी तिसरी: सनद पाहिजे की गल्ला

इंदूरच्या व्यापारी घरांसाठी मला हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हिच्याबद्दल कोणी बोलतच नाही.

बाबांच्या मनात असतं की पोरगं वकील होईल आणि दुकान पण बघेल, नोटिसा बाहेरून लिहून घ्याव्या लागणार नाहीत. पण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली की बार काउन्सिलचे वर्तणुकीचे नियम लागू होतात. नियम ४७ म्हणतो वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही, नुसता स्लीपिंग पार्टनर राहता येतं, आणि तेही तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला शोभणारा आहे असं स्टेट बार काउन्सिलचं मत असेल तर. नियम ४८ प्रमाणे कंपनीत डायरेक्टर होता येतं पण रोजचा कारभार हातात घेता येत नाही, मॅनेजिंग डायरेक्टर किंवा सेक्रेटरी तर नाहीच. नियम ४९ प्रमाणे वकिली चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही. आणि वारशानं आलेल्या दुकानासाठी नियम ५० आहे, वाटा ठेवता येतो, पण कारभारात स्वतः भाग घेता येत नाही.

म्हणजे कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये नोकरी धरली तर सनद स्थगित ठेवावी लागते, दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं तर सनद चालवता येत नाही. यात वाईट काहीच नाही, कायदा शिकलेला व्यापारी ही फार कामाची गोष्ट आहे, पार्टनरशिप डीड स्वतः वाचणारा माणूस माझ्याकडे भांडण घेऊन क्वचितच येतो. पण मग पाच वर्षं एवढी फी भरण्यापेक्षा बीकॉम करून पुढे तीन वर्षांची एलएलबी केली तरी तेच साधतं. घरात एकदा हे मोकळेपणानं बोलून घ्या, डिग्री झाल्यावर पहिल्या दिवशी पोर सकाळी कुठे जाणार, कोर्टात, कंपनीत की दुकानात. कॉलेजच्या ब्रोशरपेक्षा या उत्तरावर जास्त ठरतं.

पायरी चौथी: बाकीचे रस्ते शेजारी ठेवून बघा

बीकॉम किंवा बीबीए तीन वर्षं आणि नंतर एलएलबी तीन वर्षं, असं सहा वर्षांचं होतं, म्हणजे एक वर्ष जास्त, पण मध्ये हातात एक पक्की डिग्री असते आणि विसाव्या-एकविसाव्या वर्षी मन बदललं तर बदलायला जागा राहते. ज्या मुलाचं नक्की नाही त्याला मी हेच सांगते आणि आईबाबांना ते आवडत नाही हेही मला माहितीय, त्यांना वाटतं वर्ष वाया जातंय. मला तसं वाटत नाही. ज्याचं नक्की आहे, भाडेकरारवाली पोरगी जशी, तिनं पाच वर्षांचंच घ्यावं, कारण दुसऱ्या वर्षापासून इंटर्नशिप सुरू होतात आणि कॉर्पोरेट फर्म्स बहुतेक करून पाच वर्षांच्या कोर्समधून मुलं उचलतात.

जज व्हायचं असेल तर अजून एक हिशोब धरा. सुप्रीम कोर्टानं २० मे २०२५ ला सांगितलंय की सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनच्या परीक्षेला बसायला किमान तीन वर्षांची वकिली पाहिजे, म्हणजे पाच अधिक तीन. त्या मुलासाठी बीबीए की बीए यानं फारसा फरक पडत नाही, ज्या कॉलेजात प्रोसिजर आणि पुरावा कायदा जीव ओतून शिकवतात तिथे जावं.

आणि हो, बीबीए हा शब्द नाही म्हणून चांगलं कॉलेज सोडू नका. बऱ्याच नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांत बीए एलएलबीच असतं, आपलं भोपाळचं एनएलआययू आणि जबलपूरचं धर्मशास्त्र लॉ युनिव्हर्सिटी यांचाही मुख्य कोर्स तोच, आणि तिथूनही मुलं कंपनी कायद्याच्या कामाला जातातच. कायदा आणि बिझनेस असं नावातच पाहिजे असेल तर कटकचं नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी ओडिशा आहे, दिल्ली युनिव्हर्सिटीनं २०२३ पासून बीबीए एलएलबी सुरू केलंय ६० जागांचं, आयआयएम रोहतकचा पाच वर्षांचा लॉ कोर्स २०२१ पासून आहे, पुण्याचं सिम्बायोसिस आहे, त्याची परीक्षा स्लॅट. इंदुरातही खाजगी कॉलेजं पुष्कळ आहेत. मी नाव घेऊन चांगलं-वाईट सांगणार नाही, तुम्ही स्वतः कसं तपासायचं ते सांगते.

पायरी पाचवी: कागद आणि कॉलेज, दोन्ही डोळ्यांनी बघा

पहिला कागद म्हणजे बार काउन्सिलच्या मान्यतेचं पत्र. "आमचं कॉलेज बीसीआय अप्रूव्हड आहे" हे पुरेसं नाही. मान्यता कोर्सप्रमाणे असते, त्यामुळे पत्रात "बीबीए एलएलबी" हे शब्द आहेत का, किती सेक्शन आणि किती जागा, आणि कुठल्या शैक्षणिक वर्षापर्यंत, या तीन ओळी शोधा. भाचीसाठी फिरताना एका ठिकाणी पत्र मागितल्यावर त्यांनी फ्रेम केलेलं पत्र दाखवलं, छान काचेतलं, रिसेप्शनच्या भिंतीवर. मी चष्मा लावून खाली वाचलं तर मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. नूतनीकरणाचं पत्र मागितलं तर "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले. असेलही, पण पाच वर्षांनी एनरोलमेंटच्या, म्हणजे वकील म्हणून नाव नोंदवायच्या खिडकीवर आपलं पोर उभं असतं, ते नाही. आम्ही तिथून उठलो. पत्राचा मोबाईलवर फोटो काढा आणि बार काउन्सिलच्या वेबसाईटवरच्या यादीशी ताडून बघा.

दुसरा कागद सिलॅबस, आणि तो तपासायला वकील असायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आणि एव्हिडन्स ॲक्टच्या जागी साक्ष्य अधिनियम आलंय, सिलॅबसमध्ये हे आहे का बघा. बिझनेसच्या बाजूला २०१३ चा कंपनी कायदा, २०१६ चा दिवाळखोरी कायदा, जीएसटी, आर्बिट्रेशन, हे शोधा. अजून १९५६ चाच कंपनी कायदा छापलेला असेल तर सिलॅबस कितीतरी वर्षं कोणी उघडलेला नाही हे समजा.

मग प्रत्यक्ष जा, आणि मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास जा, ओपन डेला नको. तिसऱ्या वर्षाचं टाइमटेबल मागा. कंपनी कायदा आणि टॅक्स कोण शिकवतं ते नावानिशी विचारा, ते कायम आहेत की तासावर येतात तेही विचारा. लायब्ररीत जाऊन विचारा की एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा या कोर्टाचे निकाल शोधायच्या वेबसाईटचं लॉगिन मुलांना मिळतं का, आणि एखाद्या मुलाला उघडून दाखवायला सांगा, मिळतं म्हणणं वेगळं आणि पासवर्ड माहीत असणं वेगळं. नियमाप्रमाणे एका सेक्शनला ६० मुलं, वर्गात डोकावून मोजा. हजेरी प्रत्येक विषयात ७० टक्के असा २००८ चा नियम आहे, जिथे "हजेरीचं आम्ही बघून घेऊ" म्हणतात तिथे शिकवण्याचंही तसंच असतं. पाच वर्षांत किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, ती कॉलेज लावून देतं की फक्त सर्टिफिकेट जमा करून घेतं, हे गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर चौथ्या वर्षाच्या मुलांना विचारा, खरं उत्तर तिथेच मिळतं. प्लेसमेंटचा आकडा दाखवला तर उलट विचारा की बॅचमध्ये एकूण किती मुलं होती आणि जी गेली ती कायद्याच्याच कामाला गेली का.

पायरी सहावी: परीक्षा आणि कॅलेंडर

क्लॅट, म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची सामाईक प्रवेश परीक्षा, डिसेंबरात असते, बारावीच्या बोर्डाच्याही आधी. फॉर्म जुलै-ऑगस्टात निघतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास बंद होत येतात, फी जनरलला ४००० रुपये. म्हणजे मे महिन्यात रिझल्ट लागल्यावर जागं झालं तर त्या वर्षीची क्लॅट केव्हाच होऊन गेलेली असते. दरवर्षी दोन-तीन घरं तरी याच्यात अडकतात, म्हणून बारावी सुरू होतानाच ठरवा. पेपर दोन तासांचा, १२० प्रश्न, चुकीला पाव मार्क कापतात, आणि सगळं उताऱ्यांवर, वाचायचा वेग नसेल तर हुशार मुलंही मागे पडतात. गणित साधारण दहा टक्केच असतं आणि तेही दहावीच्या पातळीचं, त्याला घाबरू नका. बारावीला जनरलला ४५ टक्के पाहिजेत, शाखा कुठलीही चालते. भंवरकुआंला क्लासेसची रांग आहे, पण क्लास लावायच्या आधी मुलाला रोज एक इंग्रजी पेपरचा संपादकीय लेख वाचून चार ओळीत सांगायची सवय लावा, त्याला फी लागत नाही.

क्लॅट हुकली तर देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या विभागांसाठी सीयूईटी ही विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा बघा. महाराष्ट्रात जायचं असेल तर एमएच सीईटी लॉ, तिच्यात निगेटिव्ह मार्किंग नाही. फक्त एक लक्षात घ्या, आपण घरात मराठी बोलतो म्हणून तिथल्या कोट्यात बसत नाही, डोमिसाईल मध्य प्रदेशचं आहे, तेव्हा महाराष्ट्राबाहेरचे म्हणूनच जागा मिळणार आणि त्या थोड्या असतात. उलट भोपाळ-जबलपूरला हेच डोमिसाईल आपल्या कामी येतं, फॉर्म भरतानाच सर्टिफिकेट काढून ठेवा.

परदेशाचं थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियात कॉमर्स आणि लॉ अशी पाच वर्षांची डबल डिग्री सर्रास असते आणि चांगली असते, पण परत येऊन इथे वकिली करायची तर ती युनिव्हर्सिटी बार काउन्सिलच्या मान्य यादीत पाहिजे आणि वर त्यांची क्वालिफाइंग परीक्षा द्यावी लागते. तिथेच राहायचं ठरलेलं असेल तरच तो खर्च करा असं माझं मत.

पायरी सातवी: पैसे

पहिल्या वर्षाची फी गुणिले पाच, हा हिशोब चुकीचा. समजा वर्षाला २ लाख आहे आणि दरवर्षी ८ टक्के वाढते, तर पाच वर्षांचे १० लाख होत नाहीत, ११ लाख ७३ हजार होतात. शिवाय हॉस्टेल, आणि इंटर्नशिपला दिल्ली-मुंबईत महिना महिना राहण्याचा खर्च, तो कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो. ॲडमिशनच्या आधी "फी कितीनं वाढणार" हे ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर कागदावर राहतं. कर्ज घ्यायचं असेल तर नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा, निवडक दर्जेदार संस्थांसाठी बिनतारण कर्ज मिळतं, ७.५ लाखांपर्यंत सरकारची ७५ टक्के हमी असते आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का हे आधी बघा, बँकेत नंतर जा.

शेवटचा खर्च बऱ्यापैकी कमी झालाय. एनरोलमेंटला स्टेट बार काउन्सिल वाट्टेल तेवढे पैसे घ्यायच्या, ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ते बंद केलं, आता ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे जनरलला ७५० रुपयेच. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा असते, १०० प्रश्नांची, कोरे बेअर ॲक्ट, म्हणजे टिपणं नसलेली कायद्याची पुस्तकं, सोबत नेता येतात.

ॲडमिशन घेताना ओरिजिनल मार्कशीट आणि टीसी कॉलेजला ठेवायला देऊ नका, दाखवा, तपासू द्या आणि परत घ्या, यूजीसीनं २०१८ मध्येच सांगितलंय की ओरिजिनल अडवून ठेवता येत नाहीत. त्याच नियमात फी परतीचा तक्ताही आहे. ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण फी, त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, मग ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के, आणि त्यानंतर काहीच नाही. म्हणून दुसऱ्या यादीची वाट बघत एखाद्या ठिकाणी पैसे भरून ठेवणार असाल तर त्या कॉलेजची ॲडमिशनची शेवटची तारीख पावतीच्या मागे पेननं लिहून ठेवा. भाचीच्या वेळी भावजींनी तसंच केलं होतं, भोपाळची यादी लागली आणि इथले पैसे चौथ्या आठवड्याच्या आत अर्ज करून अर्धे तरी परत आले.